आंबलेल्या चहाच्या बरणीची कैफियत

मित्रांनो, कतारच्या अल खोरमधल्या एका घराच्या ओट्यावर, डोक्याला पांढरं सुती फडकं बांधून एक जाड काचेची बरणी बसलेली असते. ती मी. माझ्या पोटात आठ लिटर मावतात आणि तळाजवळ मला एक स्टीलची तोटी आहे. वयाने मी जुनी आहे आणि स्वभावाने चिडकी. जन्मतः चिडकी नव्हते. माणसांच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, की कोणीही होईल.

आधी माझं काम सांगते. माझ्या पोटात साखर घातलेला कोरा चहा आंबतो. त्याला कोंबुचा म्हणतात. दुधाला जसं विरजण लावतात, तसं या चहाला आधीच्या आंबलेल्या चहाचं विरजण लावायचं. वर एक जाड, रबरासारखी गोल साय तरंगत ठेवायची. त्या सायीत लाखो सूक्ष्म जीव राहतात. ते आपल्या बाजूचे. त्यांना साखर, हवा आणि ऊब मिळाली, की आठदहा दिवसांत चहा आंबटगोड होतो आणि फसफसायला लागतो. पण हवेत, हातांवर, चमच्यांवर दुसरेही जीव असतात. ते आपल्या बाजूचे नाहीत. त्यांना आत येऊ द्यायचं नाही आणि आलेच तर वेळेवर ओळखायचं, एवढंच हे काम आहे. आणि एवढंच माणसांना जमत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. लाल उजेड आठवतो, आणि कोणीतरी साच्यात जोरात फुंकर घातली होती. नंतर पेंढ्यात गुंडाळून, बोटीत बसून मी दोह्याला आले. अल मन्सूरामधल्या एका भांड्यांच्या दुकानात सहा महिने फळीवर बसले. शेवटी एका संध्याकाळी सरोजताई आल्या. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, आत हात घालून कड चाचपली आणि दुकानदाराला हिंदीत विचारलं, "यह नल खुलता है क्या पूरा?" त्याने तोटी फिरवून सुटी करून दाखवली, तेव्हाच त्यांनी मला घेतलं.

सरोजताई शाळेत विज्ञान शिकवत. नवऱ्याच्या नोकरीमुळे कतारला आल्या आणि अठ्ठावीस वर्षं राहिल्या. कोंबुचा करायला त्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडून शिकल्या, सायही तिच्याकडूनच आणली. त्यांच्या घरी सगळं ठरलेलं होतं. आधी हात धुवायचे, अंगठी काढायची. मला गरम पाण्याने धुवायचं. साबण वापरलाच तर त्याचा वाससुद्धा राहता कामा नये, म्हणून शेवटी व्हिनेगर फिरवायचं. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय साय टाकायची नाही, नाहीतर ती भाजते. वर जाळीचं नव्हे, घट्ट विणीचं कापड बांधायचं. विरजण नेहमी वरून, स्वच्छ वाटीने काढून ठेवायचं.

आणि दर खेपेला त्या माझी तोटी उघडत. आतून नट सोडवायच्या, दोन्ही वायसर काढायच्या, तोटीचे तीन भाग वेगळे करून उकळत्या पाण्यात टाकायच्या, मग बारीक ब्रशने नळी घासायच्या. मला ते अजिबात आवडत नसे. तुमचा दात कोणी दर पंधरवड्याला काढून, घासून परत बसवला तर तुम्हाला कसं वाटेल? मी तासभर भोक पडलेल्या अवस्थेत ओट्यावर पालथी पडून राहायची. सगळी बरणी तर आरपार दिसते आहे, मग या बाईला आणखी काय बघायचं आहे, असं मला वाटायचं.

सात वर्षं अशी गेली. एकदाही काही बिघडलं नाही. मग सरोजताईंच्या यजमानांची नोकरी संपली आणि त्यांनी नाशिकला परत जायचं ठरवलं. सामान वाटताना त्यांनी मला आणि सायीला वल्लरीच्या हवाली केलं.

वल्लरी चाळिशीच्या अलीकडची. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिची सरोजताईंशी ओळख झाली होती. लग्नाआधी आणि नंतरही, मिळून आठ वर्षं, ती नाशिकच्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. दुधाचे नमुने तपासायचे, कुठे काय शिरलं आहे ते शोधायचं, हे तिचं काम. नवरा कैवल्य रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर झाला तेव्हा ती नोकरी सोडून इथे आली. तिच्या हातात बरणी देणं योग्यच होतं. मी खूश होते.

फक्त तो निरोपाचा दिवस जरा गडबडीचा होता. सरोजताई सायीची बाटली हातात घेऊन एकेक सूचना सांगत होत्या. खाली कैवल्यने गाडी दुसऱ्या गाडीला आडवी लावली होती आणि तो फोनवर फोन करत होता. वल्लरी एका कानाला फोन लावून उभी होती.

"आणि तोटी दर खेपेला उघडायची, बरं का," सरोजताई म्हणाल्या.

"हो, हो," वल्लरी म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "आले रे, दोन मिनिटं. त्या गाडीवाल्याला सांग, यल्ला, निघतोच आहोत."

ते "हो" मला उद्देशून नव्हतं, सरोजताईंनाही नव्हतं. मला तेव्हाच कळलं. पण मी बोलू शकत नाही. आणि खरं सांगते, मला थोडं बरंच वाटलं.

अल खोरला जाईपर्यंत मी वल्लरीच्या पायांच्या मध्ये, टॉवेलात गुंडाळलेली होते. सायीची बाटली तिच्या मांडीवर होती. घरी पोचल्यावर तिने सायीचे दोन तुकडे केले. एक माझ्या पोटात आला. दुसरा एका छोट्या बरणीत, आंबलेल्या चहात बुडवून कपाटात राखीव ठेवला. एखादी खेप बिघडली तर हाताशी असावा म्हणून. डेअरीची सवय. बाकी सगळंही ती छान करायची. फक्त तोटी ती कधी उघडत नसे. गरम पाणी आत ओतायची, तोटीतून थोडं सोडून द्यायची, झालं. आणि विरजणही तोटीतूनच काढायची, कारण ते सोपं पडतं. दोन कप भरले, बाजूला ठेवले, मग मला धुतलं, मग तेच दोन कप परत आत.

पहिले काही महिने ठीक गेले. म्हणजे चहा ठीक होता. माणसांचं काय सांगू.

कैवल्य कंपनीच्या बसने पहाटे जायचा आणि दुपारी यायचा. आल्यावर त्याला घरात काहीतरी नीट लावायचं असे. एकदा त्याने मला उचलून केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवलं, तिथे जागा चांगली दिसते म्हणून. दोन दिवसांत माझ्या डोक्यावर चिलटांची सभा भरली. माझं घट्ट कापड धुवायला टाकलेलं होतं, म्हणून त्याने भाजीची जाळीदार पिशवी कापून बांधली होती. तिच्या भोकांतून चिलटं आत शिरून अंडी घालू शकतात, हे त्या इंजिनिअरच्या डोक्यात येऊ नये? वल्लरीने वेळेवर पाहिलं म्हणून वाचले. दुसऱ्या वेळी त्याने मला एसीच्या अगदी खाली ठेवलं. त्या थंडीत सायीने हातपाय गाळले आणि चहा दहा दिवस गोडच राहिला. एप्रिलमध्ये धुळीचं वारं सुटलं, बाहेर सगळं पिवळं झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी याने वास जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडली. माझ्या कापडावर बोटभर धूळ साचली.

वर बसमधल्या मित्रांना हा सांगायचा, "आमच्याकडे घरची बिअर असते." ते ऐकून वल्लरीचा पारा चढायचा.

"असलं काही बाहेर बोलू नकोस. इथे घरी असलं करायला परवानगी नाही, माहीत आहे ना? चहा आहे तो. साधा आंबलेला चहा."

"अगं, मस्करी."

"मस्करी बसमध्ये राहत नाही."

त्यांची मुलगी ईशा अकरा वर्षांची होती. तिला माझ्या पोटात बघायला आवडे. एकदा तिला सायीखाली तपकिरी, लोंबणारे धागे दिसले. ती ओरडली, "मम्मा, इट्स रॉटन." कैवल्य धावत आला, त्याने नाक मुरडलं आणि मला उचलून थेट सिंककडे निघाला. उत्तम जमलेली खेप होती ती.

वल्लरीने त्याला थांबवलं आणि दोघांना माझ्यासमोर उभं केलं. "नीट बघा. हे धागे खाली, पाण्यात आहेत, ते यीस्टचे. ते असणारच. वर फिकट, गुळगुळीत, ओलसर थर येतोय, ती नवी साय. वास आंबट आहे. सगळं ठीक आहे. घाबरायचं कधी? वर कोरडे, गोल ठिपके दिसले तर. लव असलेले, मऊ. पांढरे, हिरवे, काळे, कुठल्याही रंगाचे. ती बुरशी. किंवा कुजका, कोंदट वास आला तर. तेव्हा काहीही वाचवायचं नाही, सायसुद्धा नाही. वरून काढून टाकलं आणि खालचं प्यायलं, असं चालत नाही. आपल्याला दिसते ती फक्त वरची असते."

मित्रांनो, हे मी तुम्हाला शब्दशः सांगितलं, कारण वेळ आली तेव्हा यातलं शेवटचं वाक्य या घरात कोणाला आठवलं नाही.

डिसेंबरमध्ये कैवल्यच्या आई, कमलिनीबाई, तीन महिन्यांसाठी नाशिकहून आल्या. त्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. बोलायला कमी, हाताला सतत काम. घरात एकट्या असल्या की त्या ओटा पुसायच्या, मला पुसायच्या, आणि एक दिवस त्यांनी माझं कापड सोडून, पोळ्यांच्या डब्याशेजारचा लाकडी चमचा आत बुडवून चव बघितली. मी काय म्हणू? तीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. चमच्याला कणीक लागलेली होती. वल्लरीने दारातून ते पाहिलं आणि ती तशीच मागे वळली.

आठव्या दिवशी सायीवर तीन ठिपके आले. हिरवट, मऊ, मखमलीसारखे. वल्लरीने कापड काढलं आणि ते पाहिले. मग तिने मला सिंकमध्ये पालथं केलं. सरोजताईंची साय कचऱ्याच्या पिशवीत गेली.

"आई, तुम्ही चमचा घातला होता त्यात," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण तसला शांत आवाज मला आवडत नाही.

"घातला होता," कमलिनीबाई म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. चुकलं."

"तुम्ही तर नर्स होता."

कमलिनीबाईंनी हातातलं फडकं पिळून वाळत घातलं आणि त्या खोलीत गेल्या. त्या दिवसानंतर त्या स्वयंपाकघरात फक्त चहापुरत्या यायच्या, आणि माझ्यापासून दोन हात लांबून जायच्या. "बरणीला कोणीही हात लावायचा नाही," असं वल्लरीने घरात सांगून टाकलं. ईशालाही बंदी झाली. जेवताना कैवल्य एकदा म्हणाला, "अगं, एका चमच्यासाठी किती दिवस?" तेव्हा वल्लरी ताटावरून उठून गेली.

मला सगळ्यांचाच वैताग आला होता. चमच्याचा, चमचा घालणारीचा, त्याचा एवढा गहजब करणारीचा. माझी बाजू एकदम साफ आहे, असं मला वाटत होतं.

वल्लरीने मला उकळत्या पाण्याने दोनदा धुतलं. कपाटातला राखीव तुकडा काढला, त्याच्यासोबत फ्रीजमधल्या बाटलीतलं विरजण आत घातलं. ते विरजण मागच्या एका चांगल्या खेपेतून, तोटीतूनच काढलेलं होतं. या वेळी तिने मला कोणाला बघूही दिलं नाही. कारण जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मंडळाचा मेळावा अल खोरच्या बागेत होता. साठ माणसं येणार होती, त्यात लहान मुलं होती, आणि वल्लरीने आल्याचा कोंबुचा आणायचं कबूल केलं होतं. इथे आल्यापासून लोक तिला कैवल्यची बायको म्हणूनच ओळखत. आपण काहीतरी शास्त्र लावून करतो, हे लोकांनी बघावं, असं तिला वाटत होतं. ते तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पण माझ्यासमोर एकटी असताना ती दोनदा फोनवर सरोजताईंशी त्याबद्दलच बोलली होती.

खेप दहाव्या दिवशी तयार झाली. सायीवर एकही ठिपका नव्हता. तिने आलं आणि थोडी साखर घालून, माझ्या तोटीतून सोळा तपकिरी बाटल्या भरल्या आणि फेस धरायला कपाटात ठेवल्या. पाच दिवसांनी त्या फ्रीजमध्ये गेल्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ईशा शाळेतून आली. खेळाचा तास झालेला होता, तिला तहान लागली होती. तिने एक बाटली उघडली आणि अर्धी तशीच तोंडाला लावून प्यायली. तासाभराने तिला ओकारी झाली. मग पुन्हा. मग पोटात कळा. कैवल्य नुकताच बसमधून उतरला होता. तो आणि वल्लरी तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध दिलं, मीठसाखरेचं पाणी घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, पोटात काहीतरी गेलं आहे, नेमकं काय ते सांगता येणार नाही, शाळेतलंही असेल.

घरी आल्यावर वल्लरी सरळ फ्रीजकडे गेली. अर्धी उरलेली बाटली तिने एका पांढऱ्या वाडग्यात ओतली. सोबत कापसासारखा एक करडा तुकडा पडला. तिने टॉर्च घेऊन बाकीच्या बाटल्यांच्या गळ्यात बघितलं. आणखी तीन बाटल्यांत, पाण्याच्या पातळीवर, तसलंच करडं कडं होतं. तपकिरी काचेतून बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

कैवल्य दारात उभा होता. "चार गेल्या. बाकीच्या बारा चांगल्या दिसतात ना? उद्या साठ लोक येतायत, वल्लरी. आता काय सांगणार त्यांना?"

"चांगल्या दिसतात," वल्लरी म्हणाली. "ईशाची पण चांगलीच दिसत होती."

कैवल्यने फ्रीजचं दार लावलं.

मग ती ओट्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "या वेळी कोणीच हात लावला नव्हता. मीच केलं सगळं. बाटल्या उकळल्या, बुचं उकळली. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या दुधातले दोष काढत होते आणि माझ्या घरात माझ्या मुलीला मीच हे पाजलं."

कमलिनीबाई ईशाजवळ बसलेल्या होत्या. त्या उठून आल्या. बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला हात लावला नाही. फक्त विचारलं, "बाटल्या कशातून भरल्यास?"

"तोटीतून."

"आणि ते विरजण?"

"तेही तोटीतूनच."

"तोटी शेवटची कधी उघडलीस?"

वल्लरीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिला सरोजताईंच्या घरचा तो निरोप, कानाला लावलेला फोन आणि स्वतःचं "हो, हो" सगळं एकदम आठवलं.

"वॉर्डात आम्ही भांडं नाही बघायचो," कमलिनीबाई म्हणाल्या. "नळ्या बघायचो. भांडं सगळेच घासतात. कैवल्य, पाना आण."

कैवल्यने पाना आणला. माझ्या तळाशी उरलेला चहा ओतून दिला आणि माझा नट सुटला. मागची वायसर बोटाला चिकटून बाहेर आली, आणि तिच्या मागे तपकिरी, बुळबुळीत थर. कमलिनीबाईंनी कापूस गुंडाळलेली काडी तोटीच्या नळीत घालून फिरवली. ती काळीहिरवी होऊन बाहेर आली. दुसरी काडी तशीच. तिसरीही तशीच.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगणं सोपं नाही. वर्षभर मी सगळ्यांवर करवादत होते. केळी, जाळी, एसी, खिडकी, चमचा. आणि घाण माझ्यात होती. प्रत्येक ग्लास तिच्यावरून वाहून गेला होता, प्रत्येक विरजण तिच्यातून गेलं होतं. बरणी कितीही उकळली तरी दोन कपांमधून ती परत आत येत होती. मी काचेची आहे, माझं सगळं दिसतं, याचा मला केवढा अभिमान होता. तोटी उघडणं थांबलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. बोलता येत नव्हतं हे खरं आहे. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले असते का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

"आई," वल्लरी म्हणाली, "मी तुम्हाला उगाच बोलले."

"चमचा मी घातला होताच की," कमलिनीबाई म्हणाल्या. "तेही चूकच."

"पण मी तुम्हाला नर्स असून असं म्हणाले."

"ते लागलं मला." त्यांनी काडी कचऱ्यात टाकली. "आता बघ, ते बाकीचं सगळं ओतायचं आहे की नाही?"

वल्लरीने सोळाच्या सोळा बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. कैवल्य एकेक उघडून देत होता. मग तिने माझ्यातली साय दोन्ही हातांनी उचलली. वरून ती चांगली दिसत होती, गुळगुळीत, फिकट. सरोजताईंच्या सायीतला तो शेवटचा तुकडा होता. तिने तो पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी ईशाला बरं होतं. मला उकळून, पुसून, सुटी केलेली तोटी नव्या वायसरसह परत बसवून मेळाव्याला नेलं, पण पोटात लिंबाचं सरबत घालून. बागेत लोकांनी विचारलं तेव्हा वल्लरीने सरळ सांगितलं, की खेप बिघडली, तोटीत बुरशी होती, माझ्या लक्षात आलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, थोडं चाललं असतं, पोटं मजबूत आहेत आमची." असली माणसं प्रत्येक मेळाव्यात असतात. पण त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या अदीबाने, म्हणजे वल्लरीच्या शेजारणीने, घरी जाऊन स्वतःच्या पाण्याच्या कूलरची तोटी उघडली आणि संध्याकाळी फोटो पाठवला. तो फोटो मी इथे वर्णन करणार नाही.

सरोजताईंना फोन करायला वल्लरीने आणखी दोन दिवस लावले. स्पीकर चालू होता.

"सरोजताई, तुमची साय गेली. दोन्ही तुकडे गेले. माझ्यामुळे."

"ईशा कशी आहे?"

"बरी आहे. शाळेत गेली."

"मग झालं तर. साय काय, पुन्हा धरेल." मग त्यांनी विचारलं, "तोटीचं मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. मी हो म्हणाले होते."

"म्हणालीस खरी," सरोजताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

नवी साय दुकानातल्या साध्या, न गाळलेल्या कोंबुचाच्या बाटलीपासून धरायची ठरली. ते फार संथ काम असतं. आधी नुसतं पाणी गढूळ होतं. मग वर तेलकट डाग दिसतात. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक थर येतो आणि रोज केसाएवढा जाड होतो. सकाळी कैवल्य कामावर आणि ईशा शाळेत गेली, की वल्लरी आणि कमलिनीबाई दोघी माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

"हा ठिपका?" वल्लरी विचारायची.

"बुडबुडा आहे तो. ओला आहे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तो खरंच बुडबुडा निघायचा. कमलिनीबाईंचं परतीचं तिकीट फेब्रुवारीच्या अखेरचं होतं आणि साय तर तोवर जेमतेम धरली होती. पहिली खेप त्यांच्या जाण्यानंतर तयार होणार होती. एक दिवस वल्लरीने कैवल्यला सांगितलं, "आईंचं तिकीट पुढे ढकलता येईल का बघ. व्हिसाला पंधरा दिवस आहेत अजून." कमलिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण निवडायचा हात थांबला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चहा तयार झाला. वल्लरीने हात धुतले, अंगठी काढली, कापड सोडलं आणि वास घेतला. मग स्वच्छ वाटीने वरून विरजण काढून ठेवलं, आणि त्यानंतर पहिला ग्लास भरून कमलिनीबाईंना दिला. त्यांनी एक घोट घेतला. चेहरा वाकडा केला.

"बिघडलं?" वल्लरीने घाबरून विचारलं.

"नाही गं. आंबट आहे. चांगलं आंबट आहे." आणि त्यांनी ग्लास पुढे केला. "आधी तू घे. मग ईशाला दे."

मित्रांनो, माझं सांगून झालं. आता थोडं ऐका, कारण परत सांगायची माझी ताकद नाही. जे दिसत नाही तिथे बघा. नळी, तोटी, झाकणाच्या आतलं रबर, पाण्याच्या बाटलीचं बूच, सगळं सुटं होतं, सुटं करून बघा. ते भांड्याला आवडणार नाही. त्याच्या आवडीकडे लक्ष देऊ नका. लव आलेलं काहीही वाचवू नका, मग ते कोणीही दिलेलं असो. कोणाच्या हातून बिघडलं ते नंतर ठरवा, आधी कुठून बिघडलं ते शोधा. आणि आत काहीही घालण्याआधी हात धुवा, साबणाचा वास जाईपर्यंत. कैवल्यला हे मी गेली दोन वर्षं मनातल्या मनात सांगते आहे. आत्ताही तो कापडाची गाठ सोडतो आहे, आणि सिंकचा नळ कोरडा आहे.